अंड्यावरून कोंबडीची ओळख

अंड्यावरून कोंबडीची ओळख म्हणजे एकत्र राहणाऱ्या कळपातील कोणते अंडे कोणत्या कोंबडीने घातले हे निश्चित करण्याची प्रक्रिया होय. कुक्कुटपालनात, विशेषतः परसातील लहान कळपात निवड पद्धतीने पैदास करताना, या माहितीला मूलभूत महत्त्व आहे. यासाठी कवचाचे निरीक्षण, कोंबडी काही काळ वेगळी ठेवणे, खाद्यरंगाने खूण करणे, सापळा-घरटे वापरणे आणि इलेक्ट्रॉनिक नोंद अशा विविध पद्धती रूढ आहेत. त्यांपैकी सापळा-घरटे ही पद्धत सर्वाधिक विश्वासार्ह मानली जाते. ती ट्रॅप नेस्ट या नावानेही ओळखली जाते.

गरज

कोंबड्यांना सामाईक जागी अंडी घालण्याची सवय असते. खुराड्यात अनेक घरटी ठेवली तरी बहुतेक कोंबड्या एकाच घरट्याला पसंती देतात. आधीपासून अंडे असलेली जागा त्यांना सुरक्षित वाटते. त्यामुळे एका घरट्यात सापडलेली अंडी एकाच कोंबडीची आहेत, असे म्हणता येत नाही. खुडूक झालेली कोंबडी इतर कोंबड्यांची अंडीही पोटाखाली घेऊन बसते. पाहणाऱ्याला ती सारी अंडी तिचीच वाटतात. प्रत्यक्षात खुडूक कोंबडीचे अंडी घालणे त्या काळात थांबलेले असते.

या गैरसमजातून पैदाशीत दोन प्रकारच्या चुका होतात. पहिली चूक म्हणजे कमी अंडी देणाऱ्या कोंबडीची अंडी चांगल्या कोंबडीची समजून उबवणीस ठेवली जातात. दुसरी चूक म्हणजे चांगली अंडी देणारी कोंबडी निरुपयोगी ठरवून विकली किंवा कापली जाते. दुसरी चूक दुरुस्त करता येत नाही. दहा-पंधरा पक्ष्यांच्या कळपात एक उत्तम कोंबडी गमावणे म्हणजे पुढील पिढीच्या आनुवंशिक पायाचा मोठा भाग गमावणे होय.

अंडी देण्याचे वेळापत्रक

ओळखीच्या सर्व पद्धती अंडे तयार होण्याच्या क्रमावर आधारित आहेत. अंडाशयातून पक्व बलक सुटल्यापासून कवचयुक्त अंडे बाहेर पडेपर्यंत साधारण २४ ते २६ तास लागतात. बलक अंडवाहिनीच्या पहिल्या भागात सुमारे पाव तास राहतो. त्यापुढील भागात सुमारे ३ तासांत त्याभोवती पांढरा बलक जमा होतो. नंतर सुमारे सव्वा तासात कवचाखालील पापुद्रे तयार होतात. उरलेले सुमारे २० तास अंडे कवचग्रंथीत असते. अंडे बाहेर पडल्यावर साधारण अर्ध्या ते सव्वा तासात पुढील बलक सुटतो.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. एक कोंबडी सामान्यतः एका दिवसात एकापेक्षा अधिक अंडी देत नाही. दुसरा निष्कर्ष असा की, हे चक्र २४ तासांहून थोडे मोठे असल्याने अंडे घालण्याची वेळ रोज पुढे सरकते. ती दुपारपर्यंत सरकली की एखाद्या दिवसाचा खंड पडतो आणि कोंबडी पुन्हा सकाळी अंडे घालू लागते. खंड न पडता सलग घातलेल्या अंड्यांच्या संख्येवरून कोंबडीची क्षमता समजते. सलग अंडी जितकी जास्त, तितके तिचे वार्षिक उत्पादन अधिक असते.

चार कोंबड्यांच्या कळपातून एका दिवशी चार अंडी मिळाली, तर प्रत्येकीने एकेक अंडे घातले असे मानता येते. हे साधे गणित लहान कळपात फार उपयोगी पडते.

कवचावरून ओळख

रंग

कवचाचा रंग प्रामुख्याने दोन रंगद्रव्यांमुळे येतो. तपकिरी छटा प्रोटोपॉर्फिरिनमुळे, तर निळी छटा बिलिव्हर्डिनमुळे येते. तपकिरी रंग कवच पूर्ण होत असताना, शेवटच्या काही तासांत, मुख्यतः बाहेरच्या थरावर चढतो. त्यामुळे तपकिरी अंडे फोडल्यास कवचाची आतील बाजू पांढरी दिसते. निळा रंग कवचाच्या संपूर्ण जाडीत मुरलेला असतो. निळ्या कवचावर तपकिरी थर चढला की अंडे हिरवट दिसते. निळा रंग प्रभावी जनुकामुळे येतो, हे ब्रिटिश आनुवंशिकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पनेट यांनी १९३३ मध्ये दाखवले. हा बदल कोंबडीच्या जनुकसंचात शिरलेल्या एका विषाणूच्या अंशामुळे घडला असल्याचे २०१३ मध्ये स्पष्ट झाले.

व्हाइट लेगहॉर्न जातीची अंडी पांढरी आणि ऱ्होड आयलंड रेड जातीची तपकिरी असतात. म्हणून वेगवेगळ्या जातींच्या मिश्र कळपात रंगावरून जात लगेच ओळखता येते. मात्र एकाच जातीच्या कळपात रंगाचा उपयोग मर्यादित असतो.

पांढऱ्या कर्णपाळीची कोंबडी पांढरी अंडी देते आणि तांबड्या कर्णपाळीची तपकिरी, असा एक लोकप्रिय समज आहे. काही जातींना तो लागू पडतो, परंतु तो नियम नव्हे. डॉर्किंग जातीची कर्णपाळी तांबडी असूनही अंडी पांढरी असतात.

आकार व पोत

प्रत्येक कोंबडीच्या अंड्यांचा आकार, टोकांची गोलाई, कवचाची चमक, ठिपके आणि खडबडीतपणा यांत बऱ्यापैकी सातत्य आढळते. आकाराचे मोजमाप आकार निर्देशांकाने करतात. अंड्याच्या रुंदीला लांबीने भागून १०० ने गुणल्यास हा निर्देशांक मिळतो. सामान्य अंड्याचा निर्देशांक साधारण ७२ ते ७६ असतो. त्याहून कमी असल्यास अंडे लांबट आणि अधिक असल्यास गोलसर दिसते. रोजची अंडी मोजून वजनासह नोंदवल्यास काही आठवड्यांत प्रत्येक कोंबडीची एक ओळख तयार होते.

मर्यादा

कवचाची लक्षणे कायम नसतात. तलंगांची पहिली अंडी लहान असतात. वय वाढते तसे अंडे मोठे होत जाते. अंडी देण्याच्या हंगामाच्या अखेरीस तपकिरी रंग फिका पडतो. भीती, उष्णता, आहारातील उणीव आणि संसर्गजन्य ब्राँकायटिससारखे रोग यांमुळे रंग, आकार व पोत बदलतात. म्हणून केवळ कवच पाहून केलेली ओळख अंदाज मानावी लागते. वंशावळीच्या नोंदीसाठी ती पुरेशी नसते.

अंगलक्षणांची तपासणी

कोणती कोंबडी सध्या अंडी देत आहे, हे तिच्या अंगलक्षणांवरून समजते. अंडी देणाऱ्या कोंबडीचा तुरा मोठा, लाल व मऊ असतो. तिचे अंडे बाहेर पडण्याचे द्वार रुंद व ओलसर असते. जघनास्थींची दोन टोके एकमेकांपासून दूर गेलेली असून त्यांमध्ये दोन किंवा अधिक बोटे मावतात. अंडी न देणाऱ्या कोंबडीत तेथे जेमतेम एक बोट मावते.

पिवळ्या कातडीच्या जातींमध्ये आहारातील पिवळे रंगद्रव्य बलकाकडे वळते आणि शरीराचा पिवळेपणा ठरावीक क्रमाने ओसरतो. प्रथम द्वाराभोवतीची कातडी, नंतर डोळ्याची कड, कर्णपाळी, चोच आणि शेवटी पाय फिके होतात. अंडी देणे थांबल्यावर पिवळेपणा त्याच क्रमाने परत येतो.

या लक्षणांवरून कोंबडी अंडी देते की नाही हे कळते. समोरचे अंडे तिचेच आहे, हे मात्र सिद्ध होत नाही. कळपातील संशयितांची संख्या कमी करणे हाच या तपासणीचा मुख्य उपयोग आहे. पिसे झडण्याच्या काळात चांगली कोंबडीही अंडी देणे थांबवते. त्या काळातील तपासणीवरून तिला काढून टाकणे अयोग्य ठरते.

परसात वापरल्या जाणाऱ्या पद्धती

चाचपणी व डालणे

ग्रामीण भागात कोंबडी सोडण्यापूर्वी तिचे पोट व द्वार चाचपून अंडे आहे की नाही हे पाहण्याची जुनी रीत आहे. कवचग्रंथीतील पूर्ण तयार अंडे बोटाला कठीण लागते. अशी कोंबडी डालग्याखाली डालून ठेवतात आणि अंडे घातल्यावर सोडतात. बाहेर कुठेतरी अंडे घालून ते वाया जाऊ नये हा यामागील मूळ हेतू असला, तरी त्यातून त्या अंड्याची आई निश्चितपणे कळते. चाचपणी हलक्या हाताने करावी लागते. दाब पडून अंडे आतच फुटल्यास कोंबडीच्या जिवाला धोका निर्माण होतो.

विलगीकरण

एका कोंबडीला घरटे, खाद्य व पाणी देऊन काही दिवस वेगळे ठेवले जाते. तिच्या जागेत सापडलेले प्रत्येक अंडे तिचेच असते. जागाबदलामुळे सुरुवातीला एक-दोन दिवस अंडे लांबू शकते. त्यामुळे पहिल्या दिवशी अंडे मिळाले नाही, एवढ्यावरून निष्कर्ष काढत नाहीत. ही कोंबडी दिसेल व ऐकू येईल अशा ठिकाणी, कळपाला लागूनच जाळीआड ठेवल्यास ताण कमी होतो आणि कळपात परतल्यावर होणारी भांडणेही टळतात.

या पद्धतीचा खरा उपयोग नमुना अंडे मिळवण्यासाठी होतो. प्रत्येक कोंबडीची दोन-तीन खात्रीची अंडी मिळाल्यावर त्यांचा रंग, आकार व वजन यांची तुलना रोजच्या अंड्यांशी करता येते.

खाद्यरंगाची खूण

संध्याकाळी कोंबडीच्या द्वाराच्या कडेला खाद्यरंग लावल्यास दुसऱ्या दिवशीच्या अंड्यावर रंगाची रेघ उमटते. काही पाळणारे त्यासाठी ओठांना लावण्याची लाली वापरतात. वेगवेगळ्या कोंबड्यांना वेगवेगळे रंग लावता येतात. रंग विष्ठेने किंवा घासल्याने निघून जाऊ शकतो, तसेच घरट्यातील शेजारच्या अंड्याला लागू शकतो. त्यामुळे ही पद्धत तीन-चार कोंबड्यांपुरतीच सोयीची आहे.

संशोधनात मेदात विरघळणारे सुदान रंग कॅप्सूलमधून खाऊ घालण्याची पद्धतही वापरली गेली आहे. त्यामुळे बलकात रंगीत वर्तुळे तयार होतात. मात्र ती पाहण्यासाठी अंडे फोडावे लागत असल्याने उबवणीच्या अंड्यांसाठी तिचा उपयोग नाही. असे रंग खाद्यपदार्थात वापरण्यास योग्य नसल्यामुळे त्यांना घरगुती कुक्कुटपालनात स्थान नाही.

सापळा-घरटे

रचना

सापळा-घरटे म्हणजे कोंबडी आत शिरताच आपोआप बंद होणारे घरटे होय. साधारण ३० सेंटिमीटर रुंद व तेवढ्याच उंचीच्या पेटीला पुढील बाजूस झडप असते. झडप एका काडीवर, तारेवर किंवा खिट्टीवर टेकवून उघडी ठेवलेली असते. आत शिरताना कोंबडीची पाठ झडपेला लागते, आधार सुटतो आणि झडप खाली पडते. आतून ती उघडत नाही. अंडे घातल्यावर पाळणारा कोंबडीला बाहेर काढतो, तिच्या पायातील कडीचा क्रमांक वाचतो आणि तोच क्रमांक अंड्यावर लिहितो.

वापर

तीन ते चार कोंबड्यांमागे एक सापळा-घरटे लागते. बंद घरट्यात दुसऱ्या कोंबडीला जाता येत नसल्याने घरट्यांची संख्या कमी पडली तर कोंबड्या जमिनीवर अंडी घालू लागतात. घरट्यांची पाहणी साधारण दर तासाला करतात. उन्हाळ्यात बंद पेटीत कोंबडीला उष्माघात होण्याची शक्यता असल्याने पाहणी त्याहून वारंवार करावी लागते. दिवसभर देखरेख ठेवणे शक्य नसेल त्या दिवशी झडपा बांधून उघड्या ठेवतात. तलंगांना अंडी सुरू होण्याच्या आधीपासून उघड्या झडपांच्या घरट्यांची सवय लावली जाते.

ही पद्धत श्रमाची आहे. त्यामुळे आठवड्यातील ठरावीक तीन-चार दिवसच झडपा लावून उत्पादनाचा अंदाज घेण्याची रीतही आहे. आठवड्यातील नोंदीच्या तीन दिवसांत दोन अंडी देणारी कोंबडी आठवड्याला सरासरी चार ते पाच अंडी देते, असे दीर्घकाळच्या नोंदीवरून म्हणता येते. उबवणीसाठी मात्र नोंदीच्या दिवसांचीच अंडी घ्यावी लागतात.

संभाव्य चुका

झडप पूर्ण न पडल्यास दोन कोंबड्या एका घरट्यात शिरतात. काही कोंबड्या अंडे न घालता केवळ घरट्यात बसून येतात. आधीचे अंडे काढायचे राहिले असल्यास ते दुसऱ्या कोंबडीच्या नावावर जाते. जमिनीवर सापडलेल्या अंड्याची आई निश्चित नसते. अशा सर्व अंड्यांवर अनोळखी अशी खूण करून ती खाण्यासाठी वापरतात. संशयित अंड्याला अंदाजाने क्रमांक देणे ही वंशावळीतील सर्वांत घातक चूक समजली जाते. एक चुकीची नोंद त्या पिल्लाच्या सर्व वंशजांच्या नोंदींमध्ये उतरते.

इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत सापळा-घरट्यांचा प्रसार झाला. मेन राज्यातील कृषी प्रयोग केंद्रात गिल्बर्ट गोवेल यांनी १८९८ मध्ये बार्ड प्लिमथ रॉक जातीवर निवडीचा दीर्घ प्रयोग सुरू केला. वर्षाला १६० किंवा अधिक अंडी देणाऱ्या कोंबड्या आणि २०० हून अधिक अंडी देणाऱ्या मातांचे कोंबडे त्यांनी पैदाशीसाठी निवडले. अनेक वर्षे अशी निवड करूनही कळपाची सरासरी अपेक्षेप्रमाणे वाढली नाही.

१९०७ मध्ये या केंद्रात आलेले जीवशास्त्रज्ञ रेमंड पर्ल यांनी या नोंदींचे विश्लेषण केले. कोंबडीने स्वतः किती अंडी दिली यावरून तिच्या मुली किती देतील हे खात्रीने सांगता येत नाही, असे त्यांना आढळले. त्यांनी मुलींच्या कामगिरीवरून माता व पिता यांची पारख करण्यावर भर दिला. अंडी देण्याच्या क्षमतेची आनुवंशिकता मोजक्या घटकांनी स्पष्ट करणारे त्यांचे गृहीतक पुढे अपुरे ठरले. हा गुण अनेक जनुकांवर आणि परिस्थितीवर अवलंबून असतो, असे आज मानले जाते. संततीवरून पारख करण्याचे तत्त्व मात्र कायम राहिले. या तत्त्वासाठी आई कोणती याची बिनचूक नोंद अधिकच आवश्यक ठरली.

ओरेगन कृषी महाविद्यालयात जेम्स ड्रायडन यांनी सापळा-घरट्यांच्या आधारे निवड व संकर केला. त्यांच्या कळपातील लेडी मॅकडफ या कोंबडीने १९१३ मध्ये पूर्ण झालेल्या नोंदवर्षात ३०३ अंडी दिली. एका वर्षात ३०० चा टप्पा ओलांडल्याची ही गाजलेली नोंद होती. कनेटिकट राज्यातील स्टॉर्स येथे १९११ पासून अंडी देण्याच्या स्पर्धा भरू लागल्या. त्यांतही सापळा-घरट्यांचा वापर होत असे.

विसाव्या शतकाच्या मध्यास एका पक्ष्यासाठी एक अशा पिंजऱ्यांचा प्रसार झाला. उतरत्या तळावरून अंडे पुढे घरंगळत येत असल्याने त्याची आई आपोआप कळते. पिंजऱ्यात नैसर्गिक मीलन होत नसल्यामुळे कृत्रिम रेतनाची जोड आवश्यक ठरली. पोट चोळून कोंबड्याचे वीर्य मिळवण्याची सोपी पद्धत १९३० च्या दशकात विकसित झाली होती. त्यामुळे मोठ्या पैदास केंद्रांत सापळा-घरट्यांचा वापर घटला.

आधुनिक पद्धती

पिंजऱ्यातील कोंबडीच्या नोंदीवरून मोकळ्या वातावरणातील तिचे वर्तन समजत नाही. ती घरट्यात अंडी घालते की जमिनीवर, हेही कळत नाही. पिंजरामुक्त कुक्कुटपालनाचा विस्तार झाल्यावर या माहितीची गरज वाढली. त्यासाठी कोंबडीच्या पायात रेडिओ लहरींनी ओळखला जाणारा बिल्ला बसवून ती घरट्यात शिरताच नोंद घेणारी यंत्रणा तयार झाली. जर्मनीतील वाइहेनश्टेफान येथे विकसित केलेले घरटे या प्रकारचे प्रसिद्ध उदाहरण आहे. अशा घरट्यात कोंबडी कोंडली जात नाही. तिला स्वतःहून बाहेर पडता येते.

डीएनए चाचणीने पिल्लाचे माता व पिता दोन्ही निश्चित करता येतात. खर्चामुळे परसातील कळपात ही चाचणी क्वचितच वापरली जाते.

अंड्यांची नोंद व उबवण

ओळख पटलेल्या अंड्याच्या रुंद टोकाकडे कोंबडीचा क्रमांक व तारीख शिसपेन्सिलीने लिहितात. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असल्याने शाई वापरणे टाळतात. उबवणीची अंडी थंड जागी, शक्यतो सात दिवसांपर्यंतच साठवतात.

कोंबडीच्या अंड्यातून साधारण २१ व्या दिवशी पिल्ले निघतात. पिल्ले बाहेर आल्यावर कवचे मिसळतात आणि तोवर जपलेली ओळख नाहीशी होते. म्हणून १८ व्या दिवशी प्रत्येक कोंबडीची अंडी वेगळ्या जाळीदार टोपलीत किंवा विरळ कापडाच्या पिशवीत ठेवतात. पिल्ले बाहेर काढतानाच त्यांना पंखपट्टी किंवा रंगीत कडी घालतात. पिल्लाचा पाय झपाट्याने जाड होत असल्यामुळे कडी वेळोवेळी बदलावी लागते. खुडूक कोंबडीखाली उबवण करायची असल्यास एका खुडूक कोंबडीखाली एकाच मातेची अंडी ठेवणे सोयीचे असते. उबवण सुरू असताना त्या घरट्यात इतर कोंबड्यांनी घातलेली खूण नसलेली अंडी रोज काढून टाकतात.

पित्याची निश्चिती

आई कळली तरी वंशावळीचा अर्धा भागच कळतो. कळपात एकापेक्षा अधिक कोंबडे असल्यास पिता अनिश्चित राहतो. म्हणून पैदाशीच्या कळपात एकच कोंबडा ठेवतात. कोंबडीच्या अंडवाहिनीतील सूक्ष्म नलिकांमध्ये शुक्राणू साठून राहतात. एका मीलनानंतर साधारण दोन आठवडे, क्वचित तीन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ फलित अंडी मिळू शकतात. त्यामुळे कोंबडा बदलल्यावर किमान तीन-चार आठवड्यांची अंडी वंशावळीसाठी वापरत नाहीत.

महाराष्ट्रातील परसबागेतील उपयोग

महाराष्ट्रात गावठी कोंबड्यांबरोबर गिरिराज, वनराज, कडकनाथ, असील इत्यादी पक्षी एकत्र पाळले जातात. अशा मिश्र कळपात गावठी, असील व कडकनाथ यांच्या फिक्या तपकिरी किंवा मलई रंगाच्या अंड्यांत केवळ रंगावरून फरक करणे कठीण असते. मूळचा मध्य प्रदेशातील झाबुआ परिसरातील असलेला कडकनाथ काळ्या मांसासाठी प्रसिद्ध असून झाबुआच्या कडकनाथास २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्याच्या काळेपणास कारणीभूत असलेले जनुक प्रभावी असल्याने संकरित पिल्लेही काळपट निघू शकतात. त्यामुळे पिल्लाच्या रंगावरून वाणाची शुद्धता सिद्ध होत नाही. शुद्ध वाण म्हणून पिल्ले विकणाऱ्यास आई-वडिलांची नोंद हाच भरवशाचा आधार असतो.

गावठी कळपात वारंवार खुडूक होणारी कोंबडी पिल्ले वाढवण्यासाठी उपयुक्त, परंतु अंड्यांच्या संख्येत मागे असते. अंडी देणारी आणि अंडी उबवणारी या दोन भूमिका वेगळ्या आहेत, हे नोंदीमुळेच स्पष्ट होते. चांगल्या कोंबडीची ओळख पटलेली अंडी चांगल्या खुडूक कोंबडीखाली ठेवल्यास दोघींचेही गुण उपयोगात येतात.

मर्यादा

अंड्यांच्या संख्येवर आनुवंशिकतेचा प्रभाव तुलनेने कमी, तर अंड्याच्या वजनावर व कवचाच्या रंगावर अधिक असतो. खाद्य, प्रकाशाचा कालावधी, वय व आरोग्य यांमुळे संख्या बदलते. त्यामुळे केवळ काही आठवड्यांच्या नोंदीवरून कोंबडीची निवड किंवा गच्छंती करणे योग्य ठरत नाही. शक्य तेथे तिच्या बहिणींच्या व मुलींच्या नोंदीही विचारात घेतल्या जातात. अतिशय लहान कळपात एकाच उत्तम कोंबडीची संतती वाढवत गेल्यास जवळच्या नात्यातील पैदास होऊन अंड्यांची उबवणक्षमता व पिल्लांची जगण्याची शक्ती घटते. म्हणून किमान काही कोंबड्यांच्या वंशरेषा टिकवून ठेवणे आणि ठरावीक काळाने बाहेरचा कोंबडा आणणे हितावह असते.

हे सुद्धा पहा

कुक्कुटपालन
कोंबडी
अंडे
कडकनाथ कोंबडी
आनुवंशिकता
कृत्रिम निवड